फळीवरचं पाचवं तोंड

सहदेव मेथराला किळस फार लवकर येते. चहाच्या कपावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या ओठांचा डाग दिसला की तो चहा तसाच ठेवून उठतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा बोटं चाटायला लागला की हा तांब्या तोंडाला लावून भलतीकडे बघत बसतो. आणि कुणी तोंडावर गोड बोलून मागे वेगळंच करत असेल, तर सहदेवाची डावी नाकपुडी आपोआप वर जाते. ग्रामसभेत वाडीतली माणसं पुढाऱ्याच्या भाषणाकडे लक्ष देत नाहीत, सहदेवाच्या नाकाकडे देतात.

पासष्टीचा हा माणूस मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीत राहतो. धंदा होड्यांवर नावं कोरण्याचा. होता, म्हणायला हवं. लाकडी होड्या होत्या तोवर होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडावर, पटाशीने नाव कोरलं जायचं आणि होडी मोडेपर्यंत ते हलायचं नाही. मग फायबरच्या होड्या आल्या. आता नाव मालवणहून छापून येतं आणि चिकटवलं जातं. दोन पावसाळ्यांत त्याचं अर्धं अक्षर सोलून निघतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सहदेवाला वाटतं. अशी होडी समोरून आली तर तो मान फिरवतो.

तरुणपणी चार वर्षं तो बांद्याला एका छापखान्यात ठोकळे कोरायला होता. छापखाना बुडाला, पण हाताला लागलेली सवय बुडाली नाही. घरी येऊन त्याने शिमग्यासाठी फणसाची फळी कोरून चित्र छापायला सुरुवात केली, आणि गेली अडतीस वर्षं वाडीचा शिमगा सहदेवाच्या छापाशिवाय झालेला नाही.

हे काम बघायला सोपं आहे. फळीवर चित्र उलटं काढायचं. मग जिथे उजेड हवा तिथलं लाकूड पटाशीने काढून टाकायचं. उरलेल्या लाकडावर रूळ फिरवून काळी शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि नारळाच्या गुळगुळीत करवंटीने पाठून घासायचं. कोरलेली जागा पांढरी येते, न कोरलेली काळी. करडं, भुरकट असं मध्ये काहीच नाही. सहदेवाला तेच आवडतं. रंगीत चित्रं काढणाऱ्यांबद्दल त्याचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. शाई तो घरीच करतो, काजळी आणि अळशीचं तेल घोटून, आणि ती बोटाला लागली तर चार दिवस साबणाला दाद देत नाही.

या शाईचीच वाडीत एक रीत पडली आहे. होळी उभी राहिली की सहदेवाचा छाप मांडावर, म्हणजे देवळासमोर जिथे शिमगा खेळतात तिथे, भिंतीवर लागतो. वर्षभरात ज्यांनी ज्यांनी शेण खाल्लं त्यांची तोंडं त्यात असतात. कोणी रागवायचं नाही. ज्याचं तोंड निघालं त्याने धुळवड संपायच्या आत मांडावर यायचं, खाली ठेवलेल्या फळीवरची शाई बोटावर घ्यायची आणि स्वतःच्या कपाळाला लावायची. मग वर्षभर त्या गोष्टीवरून त्याला कोणी बोलत नाही. रेशनची साखर विकणाऱ्याने लावली आहे, देवळाच्या पैशाचा पत्रा स्वतःच्या गोठ्यावर घालणाऱ्याने लावली आहे. एक मास्तर तर रडत रडत लावून गेला होता.

यंदाच्या छापाला विषय शोधावा लागला नाही. तो किनाऱ्यावर पडून सडत होता.

माघातल्या एका सकाळी रापण ओढायला माणसं जमली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही दोर धरून सगळ्या वाडीने ओढायचं लांबलचक जाळं. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. तास-दीड तास ओढून जाळ्यात आलं काय, तर टोपलीभर शेवाळ, दोन प्लास्टिकच्या चपला आणि मूठभर मोतके, म्हणजे अगदी बारीक मासळी. पन्नास माणसं त्या मोतक्यांकडे बघत उभी राहिली. आणि तिथून हाकेच्या अंतरावर वाळूत एक ढीग होता. बोटाएवढ्या बांगड्यांचा, वीतभर सुरमयांचा, ज्यांना अजून धड खवलं फुटायची होती अशा पिल्लांचा. बाजारात कोण घेणार म्हणून रात्रीतून कोणीतरी ओतून गेलं होतं. डोळे सगळ्यांचे उघडे, पोटं फुगलेली, वर माशा. सहदेव जवळ गेला आणि त्याला भडभडून ओकारी आली.

कोण ओतून गेलं ते शेंबडं पोरही सांगेल. समुद्रात दूरवर ज्या बोटी जनरेटर लावून पाण्यात एलईडीचे दिवे सोडतात, त्यांचं हे काम. बंदी आहे, म्हणजे कागदावर आहे. दिव्याच्या झोताला भुलून लहानथोर सगळं म्हावरं गोळा होतं आणि एका जाळ्यात समुद्राचं पोट रिकामं होतं. अशी एक बोट याच वाडीतल्या जितेंद्रची. हा जितेंद्र रापणीचा दोर ओढणाऱ्याचा मुलगा, आता रिसॉर्टवाला, आणि वर पारंपरिक मच्छीमारांच्या समितीचा अध्यक्ष! दुपारी एलईडीच्या विरोधात निवेदन देताना फोटो काढून घेतो आणि संध्याकाळी स्वतःची एलईडी बोट सोडतो. निवेदनाच्या दिवशी त्याने सहदेवाचा हात हातात घेतला होता. घरी आल्यावर सहदेवाने तो हात राखेने घासून धुतला.

फळी मोठी घेतली, दोन हात लांब. सगळा समुद्र काळा. मधोमध पाण्यात सोडलेला दिवा आणि त्यातून वर उघडत गेलेला पांढराशुभ्र झोत. झोताच्या काठाने, ताटाभोवती बसावं तशी बसलेली पाच तोंडं. उजेड खालून येणारा, त्यामुळे हनुवट्या, ओठ आणि नाकाच्या भोकांच्या कडा लखलखीत आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. खाली झोतात हजारो पिल्लं वर बघत जमलेली, देवळात आरतीला माणसं जमतात तशी.

पहिलं तोंड जितेंद्रचं. दुसरं सरपंच मंगेशचं, जो दर वेळी “बघूया, बघूया” म्हणतो. तिसरा, बोटींचे कागद तपासायला येणारा एक साहेब, गाढ झोपलेला. चौथा निलेश, शेजारच्या सुशीलाचा मुलगा. हा बोटीवर दिव्याची केबल सोडायला जातो. सुशीला विधवा बाई, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकते. निलेशचं तोंड कोरताना सहदेवाची पटाशी जराही अडखळली नाही. दात जरा मोठेच काढले. स्वतःची आई रापणीच्या वाट्यावर जगते आणि हा तिच्याच ताटात माती कालवतो, याची किळस त्याने दातादातात कोरली.

पाचवा जनरेटरपाशी बसणारा. तो कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि जनरेटर बोटीवर नेमका कुठे असतो तेही नव्हतं. चुकीचं कोरायची त्याला भारी चीड. म्हणून त्याने भरदुपारी निलेशला चहाच्या टपरीवर गाठलं. कशासाठी विचारतोय ते सांगितलं नाही.

“जनरेटर मागच्या अंगाक आसता,” निलेश म्हणाला, “वर ताडपत्री. आणि तो प्रितमच बघता मां सगळो. काकानू, तुमका ठावक नाय?”

प्रितम सहदेवाचा एकुलता एक मुलगा.

सहदेवाने चहा तसाच ठेवला. कपावर डाग नव्हता तरी ठेवला. प्रितम आरोंद्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला जातो, संध्याकाळी जातो, सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतो, असं घरात ठरलेलं होतं. शर्टाला डिझेलचा वास येतो तो त्यामुळे, असंही ठरलेलं होतं. घरी येऊन त्याने बायकोला, यमुनाबाईला, विचारलं.

“माका ठावक होता,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

“मगे सांगूक नाय कित्याक?”

“सांगून काय करतलात? नाक वर करतलात आणि फळी घेऊन बसतलात. एकच झील आसा आपल्याक.”

प्रितमशी तो काहीच बोलला नाही. ही त्याची जुनी खोड, बोलायचं ते फळीवर. पण फळीवरही हात चालेना. पाचव्या जागेवर पटाशी ठेवायची आणि उचलायची, असं आठवडाभर चाललं. प्रितमचं नाक लहानपणी होडीच्या नाळेवर आपटून वाकडं झालेलं. खालून उजेड पडला तर ते नाक कसं दिसेल हे सहदेवाला डोळे मिटूनही कळत होतं. दोन घाव घातले की मुलगा उभा राहिला असता. शेवटी होळीच्या आदल्या दिवशी त्याने ती जागा तशीच सोडली, नुसती बाह्यरेषा, बाकी काळं लाकूड. चित्राला हेच शोभतं, एक तोंड अंधारात असलेलं बरं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आरसा समोर असता तर स्वतःचीच नाकपुडी वर गेलेली दिसली असती.

छाप मांडावर लागला आणि अख्खी वाडी लोटली. निलेशचे दात बघून पोरं खिदळली. झोपलेला साहेब तर सगळ्यांना पसंत पडला. मंगेशने “बघूया, बघूया” म्हणतच येऊन कपाळाला शाई लावली. मग आला जितेंद्र, मागे ढोल, पुढे मोबाइल.

“काकानू, काय काढलात ओ!” तो ओरडला. “माझी हनुवटी बघा, एक नंबर! एक प्रत माका होयी. रिसॉर्टात जेवणाच्या हॉलात लावतंय, पावण्यांका आवडतली.” कपाळाला शाई फासून त्याने छापाशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढले. अडतीस वर्षांत शाई लावताना कोणाची मान खाली गेली नाही असं झालं नव्हतं, आणि हा शाई लावून हसत होता, वर अंगठा दाखवत होता.

फोटो झाल्यावर जितेंद्रचं लक्ष काळ्या जागेकडे गेलं. त्याने मोबाइल खिशात घातला. मग सहदेवाच्या खांद्यावर हात टाकून, कानाशी तोंड आणून म्हणाला, “हो पाचवो वळखूक येणा नाय. जाऊंदे. आपला माणूस सगळ्यांकाच आसता. आता तुमी आमचे झालात, काकानू.”

त्याच्या तोंडाला वेलचीचा वास होता. तो वास सहदेवाच्या कानात संध्याकाळपर्यंत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला बाजारातून थेट मांडावर आली. रिकामी पाटी तिने खाली ठेवली आणि छापासमोर उभी राहिली. निलेश देवळाच्या मागे लपून होता, शाई लावायला पुढे येत नव्हता. सुशीलाने त्याला हाक मारली नाही. ती सहदेवाकडे वळली.

“भावजी, माझ्या झिलाचा तोंड काढलात. दात पण काढलात. तुमच्या झिलाचा खंय आसा?”

ढोल वाजवणाऱ्यांचे हात थांबले. सगळ्यांनाच ठाऊक होतं, हे सहदेवाला त्या घटकेला कळलं. सगळी वाडी त्या काळ्या जागेत कालपासून प्रितमचं तोंड बघत होती आणि गप्प होती, तो ज्या माणसांना चाळीस वर्षं नाक मुरडत आला तशीच, समजून-उमजून गप्प. आणि या वेळी ती त्याच्यासाठी गप्प होती.

“थंय मी माझा तोंड काढतंय,” तो म्हणाला. “बाप म्हणान चूक माझी. माझाच काढतंय.”

“तुमचा कोणी मागला?” सुशीलाचा आवाज चढला नाही. “स्वतःचा काढूक काय जाता? लोक वर तुमचा कवतिक करतले. मी निलेशाक जन्म दिलंय, माझा तोंड काढलात तर मी पण हसान शाई लावलंय असतंय. झिलाचा काढा.”

सहदेवाला तिचा राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. आपण आत्ता जे बोललो त्यात केवढा शहाजोगपणा होता ते तिने पाटी उतरवावी इतक्या सहज उतरवून दाखवलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो घरी गेला आणि पटाशी, रूळ, शाई, कागद, करवंटी असं सगळं घेऊन आला. फळी उन्हात मांडली, तिच्यासमोर मांडी घातली. वाडी भोवती उभी राहिली. पहिला घाव हनुवटीचा. शाईखालचं पिवळं लाकूड उघडं पडलं. मग खालचा ओठ. मग नाकाची वाकडी कड, तिला त्याने तीनदा पटाशी फिरवली, कारण ती नेमकी यायला हवी होती. कोरलेलं लाकूड परत भरत नाही. अर्ध्या तासात जनरेटरपाशी प्रितम बसलेला होता, खालच्या उजेडाने तोंड उजळलेला, डोळ्यांच्या जागी खड्डे, इतरांसारखाच भुकेला. सहदेवाने आजवर कोरलेल्या तोंडांत ते सगळ्यात हुबेहूब होतं. रूळ फिरवून, कागद ठेवून त्याने करवंटीने घासलं आणि ओला छाप जुन्याच्या जागी लावला.

सुशीलाने तो नीट बघितला. मग देवळाच्या मागे बघून हाक मारली, “निलेशा, ये रे हंय.” तो आला. तिने आपल्या बोटाने त्याच्या कपाळाला शाई लावली, पाटी उचलली आणि निघून गेली.

प्रितम आला तो दुपारी, झोपेतून उठून. कोणीतरी सांगितलं असणार. छापासमोर तो बराच वेळ उभा राहिला. स्वतःच्या नाकाला त्याने एकदा हात लावला. मग फळीशी वाकला, बोटाने शाई घेतली आणि रीतीप्रमाणे कपाळाला लावली. लोकांना वाटलं, संपलं. पण त्याने पुन्हा बोट बुडवलं आणि बापासमोर येऊन उभा राहिला.

“बाबा,” तो म्हणाला, “दोन वर्सा दर आयतवारी मी सुरमय आणतंय. तुकडी तुझ्या पानात पयली पडता. एकदाय इचारूक नाय, खयची ती.”

आणि त्याने सहदेवाच्या कपाळावर शाईचं बोट ओढलं, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत.

सहदेवाने मान खाली घातली. रापणीत मोतके येत असताना घरात सुरमई कशी येते, हा प्रश्न वाडीतल्या कोणालाही पडला असता. त्यालाही पडला होता, आणि दर वेळी त्याने तो भाताबरोबर गिळला होता. आरोंद्याला कोणी दिली असेल, म्हणाला होता मनाशी.

धुळवड झाली. तिसऱ्या दिवशी जितेंद्रची बोट नेहमीच्या वेळेला सुटली. निलेश केबलपाशी, प्रितम जनरेटरपाशी, दोघांच्याही कपाळावर काळा डाग. छाप रिसॉर्टात काचेत लागला आहे, मासळीच्या थाळीची वाट बघणारे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

बोट परत आली त्या रविवारी दुपारी सहदेव जेवायला बसला. कपाळ घासून घासून लाल झालं होतं, शाई तिथेच होती. यमुनाबाईने पानात भात वाढला, वर आमटी, बाजूला लाल भोपळ्याची भाजी. आणि तिने हात आवरला. त्याने भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे दर रविवारी सुरमईची तुकडी असते. तोंडाला पाणी सुटलं होतं. ते त्याने घासाबरोबर गिळलं, आणि गिळता गिळता त्याला स्वतःची अशी किळस आली की तो पानावरून उठून परसात गेला.